जुनी गिटार आणि दुर्मिळ गिटार

नमस्कार. ‘आमच्याकडे जुनी इलेक्ट्रिक गिटार आहे, ती दुर्मिळ म्हणायची का?’ असे तुमच्यापैकी अनेकजण सातत्याने विचारत आहेत, म्हणून आज त्याच प्रश्नावर बोलतो.

प्राथमिक माहिती थोडक्यात. गिब्सन या गिटार कंपनीने सनबर्स्ट रंगातील (मध्ये पिवळसर आणि कडेला लालसर होत जाणारा रंग) लेस पॉल स्टँडर्ड ही इलेक्ट्रिक गिटार अमेरिकेतील कॅलामझूच्या कारखान्यात १९५८ ते १९६० या काळात बनवली. तेव्हा तिला पुरेसे गिऱ्हाईक मिळाले नाही, आणि १९६१ मध्ये कंपनीने तिचा आकारच बदलला. अशा गिटार दीड हजारांच्या आसपास निघाल्या असे मानले जाते. त्याच सुमारास आलेली गिब्सनचीच फ्लाइंग व्ही ही गिटार तर पहिल्या दोन वर्षांत शंभरही खपली नाही.

मात्र संग्राहक केवळ या संख्येसाठी पैसे मोजत नाहीत. कारखान्यातून निघाली तशी, कोणाचाही हात न लागलेली गिटार त्यांना हवी असते. त्या सनबर्स्टमधील लाल रंग उन्हाने उडत असे आणि कडा मधासारख्या पिवळ्या होत. अनेक मालकांनी हौसेने त्यांवर नवा रंग चढवून घेतला, आणि असे रंगकाम झालेल्या गिटारीची किंमत बहुधा निम्म्यावर येते. कृपा करून फिक्या रंगाला दोष समजू नका.

आता मागचे झाकण उघडा. पॉटवर, म्हणजे आवाज कमी-जास्त करणाऱ्या बटणाखालच्या विद्युत भागावर, १३४८३२ असा आकडा दिसला, तर १३४ म्हणजे तो बनवणारी सेंट्रलॅब कंपनी, ८ म्हणजे येथे १९५८ आणि ३२ म्हणजे वर्षातील आठवडा. प्रतिक्रियांमध्ये हा आकडा लिहून गिटारीचे वय सिद्ध झाले असे अनेकजण मानतात, ते मला मुळीच पटत नाही. तो आकडा पॉटचे वय सांगतो, गिटारीचे नव्हे. फेंडर या दुसऱ्या गिटार कंपनीने १९६६ मध्ये घेतलेल्या पॉटचा साठा पुढे काही वर्षे वापरला. शिवाय पॉट एका गिटारीतून काढून दुसरीत बसवता येतो, म्हणून आकड्याआधी सोल्डरचे डाग, म्हणजे तारा जोडणारे वितळवलेल्या धातूचे ठिपके, पाहा. ते मूळचे आहेत की पुन्हा वितळवलेले, यावर बरेच काही ठरते.

तारांचे कंपन टिपणाऱ्या पिकअपचेही तेच. गिब्सनचे अभियंते सेठ लव्हर यांनी घडवलेल्या हंबकर या दोन कॉइलच्या पिकअपवरील धातूची झाकणे पुढे अनेक वादकांनी आवाजासाठी काढून टाकली; झाकणाचा सोल्डरचा मूळ डाग शाबूत असलेले पिकअप म्हणूनच मोलाचे ठरतात.

खरखर थांबवण्यासाठी पॉट बदलणे भागच असेल, तर कारागिराने डाग वितळवण्यापूर्वी फोटो काढून ठेवा आणि काढलेला पॉट गिटारीच्या पेटीतच जपून ठेवा.