परेड, सावधान!

सूर्य वर येण्याआधीच महाविद्यालयाच्या मैदानावर राष्ट्रीय छात्रसेनेच्या (एनसीसी) मुली तीन रांगांत ‘फॉल-इन’ झाल्या आहेत. टाचा जुळलेल्या, पावलांमध्ये तीस अंशांचा कोन, मुठी बंद आणि अंगठे पॅन्टच्या शिवणीला टेकलेले. ‘सावधान’ या एका हुकमात एवढे सगळे येते आणि लष्करातून प्रशिक्षक म्हणून आलेले उस्ताद रांगेच्या एका टोकापासून ते तपासत जातात.

या परेडची तयारी आदल्या रात्रीच सुरू होते. खाकी गणवेशाला खळ देऊन बाहीवर एकच उभी रेघ उमटेल अशी कडक इस्त्री करायची, पट्ट्याचे पितळी बक्कल ब्रासोने घासायचे आणि कापसाचा ओला बोळा बुटाच्या टोकावर गोल गोल फिरवत, त्यात खिडकीचा उजेड दिसेपर्यंत पॉलिश चढवत राहायचे. पहाटे अंबाडा, त्यावर जाळी, सुटणाऱ्या प्रत्येक बटेला काळी पिन आणि मग लाल हॅकल म्हणजे पिसांचा तुरा खोचलेली बेरेट टोपी.

राष्ट्रीय छात्रसेना १९४८ च्या कायद्याने उभी राहिली आणि पुढच्याच वर्षी तिच्यात मुलींचा विभाग सुरू झाला. देश प्रजासत्ताक होण्याआधीच मुलींना या कवायतीत हक्काची जागा मिळाली होती, हे आवर्जून सांगायला हवे.

आता परेडचा ताबा सीनियर अंडर ऑफिसर, म्हणजे छात्रांचे नेतृत्व करणाऱ्या मुलीकडे आहे. ‘दाहिने’ हा शब्द ताणून, क्षणभर थांबून ‘मुड’ (वळ) तोडून म्हणायचे असते. त्या थांबण्यातच सगळी पलटण एका वेळी वळण्यासाठी सज्ज होते. घशातून काढलेला आवाज चिरकतो, म्हणून तो पोटातून काढायला शिकवतात. घरीदारी ‘हळू बोल’ ऐकत वाढलेल्या मुलीचा हुकूम मैदानाच्या पलीकडच्या कुंपणापर्यंत पोहोचतो आणि अख्खी परेड त्यावर वळते. कवायत म्हणजे नुसते हातपाय आपटणे असे मानणाऱ्यांनी एकदा या मैदानाच्या कडेला उभे राहावे.

वार्षिक शिबिरात याच मुली जमिनीवर पालथ्या पडून, दस्ता खांद्यात घट्ट रुतवून, श्वास रोखून पॉइंट टू टू रायफलने निशाणा साधतात. तिथेही हुकमाशिवाय बोट ट्रिगरवर जात नाही.

छात्रसेनेचे ‘सी’ प्रमाणपत्र किमान ‘बी’ श्रेणीत मिळवलेल्या पदवीधर मुलींना लेखी परीक्षेविना सैन्याच्या निवड मंडळाच्या मुलाखतीसाठी अर्ज करता येतो आणि या रांगेतल्या काही जणींची तयारी त्यासाठीच चालली आहे.