तळातला मासा आणि वहीतला रिकामा रकाना

(दृश्य : पहाट. तलावाची पाळ, पाण्यावर धुके. दोन माणसे डोंगा पाण्यात ढकलत आहेत.)

भंडारा जिल्ह्याच्या साकोली तालुक्यातील एका गावाचा हा तलाव सरकारी कागदांत ‘माजी मालगुजारी तलाव’ म्हणून नोंदलेला आहे आणि बोलताना सगळे त्याला ‘मामा तलाव’ म्हणतात. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांत असे हजारो तलाव आहेत, आणि त्यांतले पुष्कळसे गोंड राजवटीच्या काळात कोहळी समाजाने बांधले. पाणी धानाच्या बांध्यांना जाते, मासा ढिवरांच्या, म्हणजे मासेमार समाजाच्या, वाट्याला येतो.

मच्छीमार संस्थेच्या सचिवाकडे एक जाड वही आहे. तिच्यात तारीख, माशाची जात, किलो आणि भाव असे चार रकाने आहेत. रोहू, कटला आणि मृगळ यांच्या बाबतीत ही वही बरीच बोलकी आहे, कारण त्यांचे बीज विकत आणून सोडलेले असते. किती सोडले याची पावती असते आणि किती निघाले याची नोंद असते. मागूर, शिंगी आणि बाम यांची गोष्ट वेगळी आहे. हे मासे कोणी सोडलेले नाहीत. ते गाळात, दगडांच्या फटीत, तळाशी राहतात, पहिल्या पावसात पाण्याच्या धारेवर चढून बांध्यांपर्यंत जातात, तेथे पिल्ले होतात, आणि त्यांतली काही पाण्याबरोबर परत येतात. तळाशी आज ते किती आहेत, हे वहीवरून सांगता येत नाही.

न दिसणाऱ्या तळातला मासा मोजायचा कसा, हा प्रश्न समुद्रावरच्या लोकांना सव्वाशे वर्षांहून अधिक काळ पडलेला आहे. त्यांनी काढलेली उत्तरे दूरच्या समुद्रांवरची असली, तरी त्यांतले पहिले उत्तर विदर्भातल्या शेतकऱ्याला परके वाटणार नाही.

(दृश्य : धानाच्या बांधीत दोरीने आखलेला चौकोन. कापणी, मळणी, तराजू.)

तालुक्याची पैसेवारी काढायची असते तेव्हा कोणी प्रत्येक बांधीतले धान मोजत बसत नाही. काही गावे निवडली जातात, त्यांतली काही शेते निवडली जातात, शेतात दोरीने एक तुकडा आखला जातो, तेवढ्याच तुकड्यातले पीक कापून, मळून तोलले जाते आणि त्यावरून साऱ्या मंडळाचा उतारा ठरतो. तळाच्या माशांची पाहणी हा समुद्रातला पीक कापणी प्रयोगच आहे. मुंबईत मुख्यालय असलेल्या भारतीय मात्स्यिकी सर्वेक्षणाचे ‘मत्स्य निरीक्षणी’ या नावाचे जहाज अशा पाहणीसाठी तळावरून जाळे ओढते. समजा जाळ्याचे तोंड वीस मीटर रुंद आहे आणि ते तीन किलोमीटर ओढले; म्हणजे साठ हजार चौरस मीटर, अर्थात सहा हेक्टर तळ झाडून झाला. त्या सहा हेक्टरांत दीडशे किलो मासा आला, तर हेक्टरी पंचवीस किलो, आणि मग तेवढ्याच खोलीचा तळ एकूण किती हेक्टर आहे त्याने गुणायचे.

अर्थात धान पळून जात नाही आणि मासा पळतो. काही मासे जाळ्याच्या वरून निसटतात, काही जाळ्याच्या खालच्या दोराखाली चिखलात दबून राहतात, आणि वामेसारखा लांबट मासा बिळात शिरला की त्याच्यावरून जाळे नुसते सरकत जाते. म्हणून पाहणी करणारे लोक एकट्या वर्षाच्या आकड्यावर फार भरवसा ठेवत नाहीत. तेच जाळे, तोच हंगाम, ओढण्याचा तोच वेग आणि तीच ठिकाणे त्यांनी वर्षानुवर्षे कसोशीने राखायची असतात. आकड्यात चूक असली तरी चालते, पण ती चूक दरवर्षी सारखीच असली पाहिजे. तसे झाले तर मासा वाढतो आहे की घटतो आहे, एवढे तरी खरे कळते.

दुसरी वाट बंदरावरून जाते. कोचीला मुख्यालय असलेली केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था १९४७ साली स्थापन झाली. तिचे कर्मचारी देशभरातल्या बंदरांवर ठरलेल्या दिवशी जातात, आलेल्या बोटींतल्या काहींची निवड करतात, उतरलेला मासा जातीनुसार पाहतात आणि त्यावरून एकूण उत्पादनाचा अंदाज बांधतात. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरचा मासाही याच पद्धतीने मोजला जातो. घोळ, ढोमा, शिंगाळा, राणी मासा आणि लेपा ही तेथली तळाची मंडळी. या नोंदीत किलोच्या जोडीला आणखी एक प्रश्न असतो, आणि आपल्या सचिवाच्या वहीत नेमका तोच नाही. बोट किती दिवस समुद्रात होती आणि जाळे किती तास ओढले, हे तांडेलाला, म्हणजे बोटीच्या प्रमुखाला, विचारले जाते. शंभर किलो मासा दहा तासांत आला की चाळीस तासांत, यावर त्या शंभर किलोंचा अर्थ पार बदलतो.

(दृश्य : तलावाचा काठ. एक वयस्क ढिवर जाळे झटकत आहे. सचिव वही उघडून बसला आहे.)

चित्रीकरणाच्या दुसऱ्या दिवशी सचिवाने वहीत ‘मागूर, चार किलो’ असे लिहिले, तेव्हा शेजारी बसलेला म्हातारा ढिवर त्याला म्हणाला, “सात जाळे टाकले तवा चार किलो भेटला. वहीत ते सात जाळे कुठं हायेत, भाऊ?” मत्स्यशास्त्राच्या पुस्तकात हाच प्रश्न ‘प्रतिप्रयत्न पकड’ या जड शब्दात येतो.

मात्र ही प्रतिप्रयत्न पकडसुद्धा फसवू शकते, आणि ती किती फसवू शकते हे कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या न्यूफाउंडलंडमध्ये साऱ्या जगाने पाहिले. तेथला कॉड हा तळाजवळ राहणारा मासा. १९६८ साली तेथल्या उत्तरेकडच्या कॉडची पकड आठ लाख टनांच्या घरात गेली, कारण देशोदेशीची अजस्र ट्रॉलर जहाजे तेथे उतरली होती. पुढे १९७७ मध्ये कॅनडाने दोनशे सागरी मैलांपर्यंतचे पाणी आपल्या ताब्यात घेतले, आणि आता मासा सावरणार असे सर्वांनी धरून चालले. १९८० च्या दशकात किनाऱ्यालगतचे लहान होडीवाले सांगू लागले की मासा कमी आणि बारीक झाला आहे. मोठ्या ट्रॉलरांची तासागणिक पकड मात्र चांगलीच दिसत होती, आणि साठा ठरवताना तिलाही वजन दिले गेले. जास्त वजन कोणाच्या शब्दाला मिळाले असेल, हे विदर्भातल्या प्रेक्षकाला वेगळे सांगायला नको.

(दृश्य : मे महिना. आटलेला तलाव, मध्यभागी उरलेले पाणी, त्यावर गर्दी.)

ट्रॉलरांची पकड चांगली का दिसत होती, हे समजून घ्यायला मे महिन्यातला तलाव पाहावा. पाणी आटून मधल्या खोलगट भागात येते, उरलासुरला सगळा मासा तेथेच गोळा होतो, आणि मग ज्याने जाळे टाकले त्याचे जाळे जड होऊन येते. त्या आठवड्याची नोंद पाहणाऱ्याला वाटेल की तलाव माशांनी भरला आहे. प्रत्यक्षात तो शेवटचा मासा असतो. कॉडसुद्धा दाट थव्यांनी एकत्र येतो, आणि ध्वनिलहरींच्या यंत्राने थवा नेमका हेरणारी जहाजे उरलेल्या प्रत्येक थव्यावर थेट जाऊन पोहोचत होती. मासा कमी होत होता, पण सापडायला तितकाच सोपा राहिला होता. २ जुलै १९९२ रोजी कॅनडा सरकारने या कॉडची मासेमारी बंद केली. सुरुवातीला ही बंदी दोन वर्षांची सांगितली गेली. हजारो कुटुंबांचे काम गेले, आणि व्यापारी मासेमारी पुन्हा अधिकृतपणे सुरू होण्यास २०२४ साल उजाडले, तेही अठरा हजार टनांच्या मर्यादेने.

(दृश्य : लाकडी फळीवर ठोकलेली मोजपट्टी. तिच्यावर एक मागूर आडवा धरलेला.)

किलो आणि तास यांच्याखेरीज तिसरी नोंद लांबीची असते. एका महिन्यात पकडलेल्या माशांची लांबी मांडली की तिचे उंचवटे दिसतात : लहानांचा एक, मधल्यांचा एक, मोठ्यांचा एक; आणि पुढच्या महिन्यांत हे उंचवटे पुढे सरकत जातात, त्यावरून वाढीचा वेग काढता येतो. थंड प्रदेशात वय काढायला कानातला खडा कामी येतो. माशाच्या डोक्यात कानाजवळ चुन्याचे पांढरे खडे असतात; ढोम्याचे तर बोटाच्या चिमटीत सहज धरता येतात. थंडीत वाढ मंदावते आणि खड्यावर झाडाच्या खोडासारखे वर्षाचे वलय उमटते. आपल्याकडे समुद्राचे तापमान वर्षभर फारसे बदलत नसल्यामुळे ही वलये पुसट येतात. म्हणून उष्ण कटिबंधातल्या माशांसाठी मत्स्यशास्त्रज्ञ डॅनिएल पॉली आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९८१ मध्ये लांबीच्या नोंदींवरून वाढ काढणारी संगणकीय रीत मांडली, आणि भारतातही ती फार वापरली गेली. मृगळाच्या खवल्यावरची वलये वाचता येतात. मागुराला खवलेच नाहीत. त्याच्या छातीच्या पराचा टणक काटा, जो हातात घुसला की ढिवर दोन दिवस विसरत नाही, तो आडवा कापून भिंगाखाली पाहावा लागतो.

एक बाब मात्र तलावाला समुद्रापेक्षा सोपी जाते. डेन्मार्कचे जीवशास्त्रज्ञ पेटरसन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्लेस नावाच्या चपट्या माशांना खुणेच्या चकत्या लावून परत पाण्यात सोडले. खुणेच्या माशांवरून एकूण संख्या काढण्याची रीत आज त्यांच्या नावाने ओळखली जाते. समजा शंभर मागुरांना खूण करून सोडले, आणि काही दिवसांनी पकडलेल्या ऐंशी मागुरांत चार खुणेचे निघाले, म्हणजे वीस माशांमागे एक. तर तलावात सुमारे दोन हजार मागूर आहेत. समुद्रात खुणेचा मासा कोठल्या कोठे निघून जातो. येथे पाळ आहे, आणि सांडवा वाहत नसेल तेव्हा मासा जाणार कोठे?

नुसते टन मोजले तर काय निसटते, हे आपल्या शिंगाळ्याने दाखवले आहे. समुद्रातला हा तळाचा मासा फार कमी आणि गोटीएवढी मोठी अंडी घालतो, आणि नर ती अंडी तोंडात धरून पिल्ले होईपर्यंत सांभाळतो. त्या काळात तो काही खात नाही. १९८० च्या दशकात कर्नाटकच्या किनाऱ्यावर थव्याला वेढा घालणाऱ्या पर्ससीन जाळ्यांत असे नर थव्याच्या थव्याने सापडले आणि त्यांच्या तोंडातली अंडी डेकवर सांडून वाया गेली. टनांच्या हिशेबात त्या वर्षांत भरघोस पकड झाली असेच दिसते.

(दृश्य : पुन्हा तलाव. सचिव पट्टी लावून वहीत नव्या रेघा मारत आहे.)

सचिवाने आता वहीत तीन रकाने वाढवले आहेत : डोंगे किती, जाळी किती, तास किती. फळीवरची लांबी दर सोमवारी, वीस मागुरांची. संस्थेच्या समितीत थोडी कुरबूर झाली, कारण भाव नसलेल्या रकान्यात कोणी का डोके घालावे, असे काहींना वाटले.

आज दोन डोंगे गेले होते, पाच जाळी टाकली होती आणि तीन तास गेले. मागूर आला नाही. पूर्वी अशा दिवशी वही उघडलीच जात नसे. सचिव तारीख लिहितो, दोन लिहितो, पाच लिहितो, तीन लिहितो, आणि किलोच्या रकान्यात शून्य मांडतो.