व्याधाचा जोडीदार

रात्रीच्या आकाशातला सगळ्यात तेजस्वी तारा, व्याध. त्याच्या झगमगाटात जेमतेम दिसणारा ठिपका म्हणजे त्याचा जोडीदार, व्याध ब. १८६२ साली तो दुर्बिणीतून पहिल्यांदा दिसला. पुढे त्याचा हिशेब लागला, तेव्हा खगोलशास्त्रज्ञ चक्रावले. वस्तुमान सूर्याएवढं आणि आकार पृथ्वीएवढा! तिथला एक घन सेंटिमीटर पदार्थ दोन टनांहून जड भरतो.

याच्या पोटातलं इंधन कधीच संपलंय. मग स्वतःच्याच भाराखाली तो चिरडून का जात नाही?

त्याला सावरतात इलेक्ट्रॉन. इतक्या दाबाखाली अणू मोडतात, इलेक्ट्रॉन सुटे होतात. पण दोन इलेक्ट्रॉन एकाच अवस्थेत राहू शकत नाहीत, हा भौतिकशास्त्रज्ञ पाउली यांचा नियम. जागा जितकी कमी, तितका त्यांना जास्त वेग घ्यावा लागतो. त्यातून येणारा दाब उष्णतेवर अवलंबून नसतो. तारा पार थंड झाला तरी तो टिकतो. आणि गंमत बघा, अशा ताऱ्यात भर घातली तर तो फुगत नाही, आणखी आक्रसतो.

पण किती भर घालायची? १९३० साली एकोणीस वर्षांचे चंद्रशेखर मुंबईहून बोटीने इंग्लंडला निघाले होते. वाटेत त्यांच्या लक्षात आलं, की इलेक्ट्रॉनचा वेग प्रकाशाच्या जवळ पोचला की दाब कमी पडू लागतो. सूर्याच्या सुमारे १.४ पट वस्तुमान, ही झाली अशा ताऱ्याची मर्यादा. १९३५ मध्ये लंडनच्या सभेत नामवंत ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ एडिंग्टन यांनी ती भर सभेत उडवून लावली. एवढ्या मोठ्या माणसाला हे शोभलं नाही. चंद्रशेखर यांना नोबेल मिळालं ते १९८३ साली.

मोठ्या ताऱ्याच्या, ही मर्यादा ओलांडलेल्या गाभ्यात इलेक्ट्रॉन प्रोटॉनमध्ये कोंबले जातात आणि उरतो न्यूट्रॉन तारा. व्यास वीस-पंचवीस किलोमीटर, आणि घन सेंटिमीटरचं वजन कोट्यवधी टन. नारायणगावजवळच्या खोडद परिसरातल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या तीस अँटेना अशाच ताऱ्यांचे रेडिओ ठोके टिपतात.

गणितं सांगतात, की न्यूट्रॉन ताऱ्याच्या कवचाच्या तळाशी अणुकेंद्रं एकमेकांत मिसळतात. आधी गोळे, मग शेवयांसारख्या काड्या, मग पापुद्रे.

त्याखाली काय? २०१० साली सूर्याच्या जवळपास दुप्पट वस्तुमानाचा न्यूट्रॉन तारा मोजला गेला आणि गाभा मऊ मानणारी बरीच गणितं बाद झाली. एवढा भार पेलायचा तर गाभा ताठच हवा. पण तिथे न्यूट्रॉन शाबूत आहेत, की तेही फुटून त्यांच्यातले क्वार्क नावाचे कण मोकळे झालेत, यावर शास्त्रज्ञ अजून भांडताहेत.