आयजीआयचा पुढचा भाग आधी यायला पाहिजे

(पडद्यावर: सकाळचा रामशेज, खाली आशेवाडीची घरं)

नाशिकजवळच्या रामशेज किल्ल्यावर सकाळी सातला उभं राहिलं ना की खालची आशेवाडी दिसते, पेठ रोडच्या बाजूची शेतं दिसतात, कोण कुठल्या वाटेने वर येतंय ते सगळं कळतं. किल्ला तसा छोटाच, पण संभाजी महाराजांच्या काळात यानेच मुघलांना वर्षानुवर्षं दाद दिली नाही. मी पहिल्यांदा वर आलो तेव्हा कॉलेजला होतो, धापा टाकत टाकत कडेला जाऊन खाली बघितलं आणि मित्राला म्हणालो, अरे हे तर आयजीआय आहे. तो लगेच म्हणाला, हो ना, आता डावीकडून उतरायचं.

आज त्याच कॉम्प्युटर गेमबद्दल बोलायचंय, ज्यात एकटा माणूस लपतछपत शत्रूच्या तळात शिरतो. कुठल्या सिरीजचा पुढचा भाग आधी यायला पाहिजे असं विचारलं की पोरं जीटीए म्हणतात, पण तो येतोच आहे, त्याची घोषणा कधीच झाली. रोड रॅश या बाइक रेसिंगच्या गेमवाल्यांचं दुखणं मला कळतं, पण त्यांना निदान 2017 मध्ये त्याच धर्तीचा रोड रिडेम्प्शन तरी मिळाला, दुसऱ्या लोकांनी बनवलेला का असेना. आयजीआयवाल्यांच्या हातात 2003 च्या दुसऱ्या भागानंतर काहीच पडलेलं नाही.

(पडद्यावर: सिडकोतली गल्ली, बंद शटर)

इथे सायबर कॅफे होता. सहा कॉम्प्युटर, प्लायवूडची केबिन, तासाला 15 रुपये, आणि एक जण खेळायचा तर मागे चार जण उभे. 2005-06 ची गोष्ट. तेव्हा लोडशेडिंग किती होतं ते ज्यांनी भोगलंय त्यांना सांगायला नको, आणि आयजीआयमध्ये मिशनच्या मधे सेव्ह करायची सोयच नव्हती. म्हणजे तुम्ही चाळीस मिनिटं सरपटत, दम धरून, कॅमेरे चुकवत शेवटच्या बिल्डिंगपाशी पोचलात आणि लाईट गेली की संपलं, परत पहिल्या कुंपणापासून. अंधारात सगळ्या केबिनमधून एकदम "अरेऽऽ" असा आवाज यायचा, तो माझ्या अजून कानात आहे. काही पोरं ऑलगॉड, ऑलॲमो टाईप करून चीट मारायची, म्हणजे मरायचं नाही आणि गोळ्या संपायच्या नाहीत, पण त्यांच्या मागे कोणी उभं राहायचं नाही.

प्रोजेक्ट आयजीआय म्हणजे आय ॲम गोइंग इन, आला डिसेंबर 2000 मध्ये. नॉर्वेच्या इनरलूप स्टुडिओजने बनवला, आयडॉसने बाजारात आणला. डेव्हिड जोन्स, आधी एसएएस या ब्रिटिश कमांडो दलात असलेला माणूस, चोरीला गेलेल्या अणुबॉम्बच्या मागावर निघतो, एकटा, सोबत रेडिओवर फक्त त्याला सूचना देणाऱ्या ॲन्याचा आवाज. 14 मिशन. गोष्ट एवढीच, आणि गोष्टीसाठी तो कोणी खेळलाच नाही.

खेळला तो जमिनीसाठी. त्या काळातले बरेचसे बंदुकीचे गेम म्हणजे बोळ, खोली, परत बोळ, आणि इथे तुम्हाला टेकडीवर सोडायचे, खाली आख्खा लष्करी तळ, टेहळणीचे मनोरे, कुंपण, बराकी, आणि कुठून शिरायचं ते तुमचं तुम्ही बघा. मॅप उघडला की वरून सॅटेलाइटने बघितल्यासारखा सगळा तळ दिसायचा. दुर्बिणीतून पहारेकरी मोजायचे, कोण कधी वळतो ते बघायचं, मग शिडी, मग कॅमेरा, मग अलार्मचं बटण. अलार्म वाजला की बराकीतून माणसं धावत यायची, आणि मागे उभे असलेले चारही जण एकदम ओरडायचे, पळ पळ पळ.

आणि हे का जमलं, ते मला खूप उशिरा कळलं आणि तेव्हा मी खरंच हरखलो. इनरलूपने त्याआधी 1997 मध्ये जॉइंट स्ट्राइक फायटर नावाचा लढाऊ विमानांचा गेम केला होता, आणि आयजीआय त्याच इंजिनवर, म्हणजे गेमचं जग उभं करणाऱ्या सॉफ्टवेअरवर, उभा केला. विमानाच्या गेमला लांबलचक डोंगर, दऱ्या, क्षितिजापर्यंत जमीन दाखवावी लागते, नाहीतर उडायचं कुठे. त्यांनी तीच जमीन घेतली आणि तिच्यावर एका माणसाला पायी चालवलं.

(पडद्यावर: आकाशात विमान, मग देवळालीकडचा रस्ता, कुंपणाची तार)

आता हे नाशिकच्या पोरांना किती जवळचं वाटलं असेल बघा. ओझरच्या एचएएल या विमान कारखान्यात आधी मिग बनले, मग सुखोई, शाळेच्या मैदानावर खेळताना वरून आवाज गेला की आम्ही सगळे मान वर करायचो. देवळालीला तोफखान्याचं स्कूल ऑफ आर्टिलरी, तिकडे सराव चालू असला की नाशिकरोडला खिडकीची तावदानं थरथरायची. कँटोन्मेंटच्या तारेपलीकडे काय असेल हा प्रश्न लहानपणी आमच्यातल्या प्रत्येकाला पडलेला, आणि तारेच्या आत जायची परवानगी फक्त या गेमने दिली.

दुसरा भाग, कोव्हर्ट स्ट्राइक, 2003 चा, कोडमास्टर्सने काढला. बंदुका चांगल्या, मल्टिप्लेअर आला, आणि सेव्ह दिले, पण मोजकेच, ते कुठे वापरायचे याचाही विचार करावा लागायचा आणि हे मला फार आवडलं होतं. त्यानंतर शुकशुकाट. 2019 मध्ये टोडमन नावाच्या स्वीडिश कंपनीने आयजीआय ओरिजिन्सची घोषणा केली, 1980 च्या दशकातल्या शीतयुद्धाची गोष्ट, पहिल्या गेमच्या आधीची. ट्रेलर बघून आमच्या जुन्या ग्रुपवर रात्री दोनपर्यंत मेसेज चालू होते. तो गेम आजपर्यंत आमच्या हातात आलेला नाही.

पहिल्या गेममध्ये खोटही होती, ती लपवणार नाही. शेजारचा गडी पडला तरी पहारेकरी कधी कधी ढिम्म उभा, आणि रिकाम्या केलेल्या बराकीतून परत माणसं निघायची, ते तेव्हाही खटकायचं. नव्या भागात हे नीट करा. पहारेकऱ्यांना कान द्या, अंधार पडू द्या, पाऊस येऊ द्या. पण बाणाने रस्ता दाखवू नका, शत्रूच्या डोक्यावर लाल खुणा नकोत, दर दोन मिनिटांनी आपोआप सेव्ह तर अजिबात नको. टेकडी द्या, दुर्बीण द्या, आणि सोडा.

(पडद्यावर: घर, जुना लॅपटॉप, पाठमोरा मुलगा)

दिवाळीत भाचा आला होता, तेरा वर्षांचा, मोबाईलवर बॅटल रॉयल खेळणारा. त्याला आयजीआय लावून दिला. दहा मिनिटांत अलार्म, खेळ खल्लास. मामा, सेव्ह कुठंय? म्हटलं, नाहीये. त्याने माझ्याकडे असं बघितलं की मी त्याला फसवलंय. परत गेला, परत अलार्म. तिसऱ्यांदा मनोऱ्यावरून गोळी लागली. ताई आतून दोनदा जेवायला हाक मारून गेली.

चौथ्यांदा सुरू केल्यावर तो पुढे पळाला नाही. कुंपणाबाहेरच थांबला, मॅप उघडला, आणि बोटाने स्क्रीनवर मोजायला लागला, एक, दोन, मनोऱ्यावर तिसरा.