भिशी उणे 5536

पत्रिकेवर विषय छापलाय 'साध्या कन्सोल प्रोग्रॅममध्ये ऑब्जेक्ट ओरिएंटेड रचना'. म्हणजे स्क्रीनवर नुसती अक्षरं छापणाऱ्या प्रोग्रॅमचे, आपापली माहिती आणि कामं सांभाळणारे तुकडे पाडणं. तिकडे येतोच. पण आधी टर्बो सी प्लस प्लसचा समाचार घेतल्याशिवाय माझी गाडी पुढे सरकत नाही. तो निळा स्क्रीन कुणीकुणी पाहिलाय? हात वर करा. अरे बापरे! मागच्या रांगेतले तर अजून विशीतले दिसतायत.

बोर्लंड कंपनीचा हा सी प्लस प्लस भाषेचा कंपायलर, म्हणजे आपण लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत नेणारा, आला 1990 साली. सी प्लस प्लसचं पहिलं आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरलं 1998 मध्ये. म्हणजे प्रमाण भाषा जन्मायच्या आधीचा हा कंपायलर. प्रोग्रॅम जिथून सुरू होतो त्या मेनला, प्रमाणात न बसणारं 'व्हॉइड मेन' लिहा, तो हूं की चूं करत नाही. नव्या विंडोजवर तो चालत नाही, म्हणून आपण जुन्या डॉसची नक्कल करणाऱ्या डॉसबॉक्समध्ये बसवून चालवतो, पण सोडत नाही!

एका कॉलेजात मी प्रॅक्टिकलला एक्स्टर्नल परीक्षक होतो. नाव विचारू नका. सकाळपासून प्रत्येक जण 'स्टुडंट' क्लास, म्हणजे माहिती आणि तिच्यावरची कामं एकत्र बांधणारा साचा, दाखवत होता: रोल नंबर, नाव, मार्क, गेटडेटा, पुटडेटा. मला सांगा, कुठला विद्यार्थी स्वतःला स्क्रीनवर छापतो? ऑस्लोच्या डाल आणि नीगार्ड यांनी सिम्युला 67 या भाषेत क्लास आणला तो खऱ्या व्यवहारांचं सिम्युलेशन करायला. आपण त्याचा फॉर्म करून टाकला, भरा आणि छापा.

तर एका मुलीने चक्क भिशीचा प्रोग्रॅम केला होता. मी खूश! बारा सभासद, पाच हजारांचा हप्ता. तिने एंटर दाबलं आणि स्क्रीनवर आलं, 'जमा रक्कम -5536'. म्हटलं, "अगं, भिशी बुडाली की!" ती शांतपणे म्हणाली, "सर, जर्नलमध्ये आउटपुट बरोबर आहे." होतंच. हाताने 60000 लिहिलेलं, खाली सरांची सही.

कारण तुम्ही ओळखलंच असेल. टर्बोचा इंट, म्हणजे पूर्णांक ठेवायचा प्रकार, सोळा बिटांचा, 32767 च्या पुढे जात नाही, आकडा फिरून उणेत येतो. साठ हजारांतून 65536 वजा करा, उणे 5536. मी म्हटलं, लाँग कर, त्यात मोठा आकडा मावतो. तिने उत्तर लाँगमध्ये ठेवलं, पण गुणाकार इंट-इंटचाच, त्यामुळे पुन्हा उणे. गुणाकार सुधारला, तर सोडतीच्या फंक्शनमध्ये तोच हिशेब परत. छापणाऱ्या फंक्शनमध्ये परत. मेनमधल्या स्विचमध्येही परत! आणि व्हायव्हात एन्कॅप्सुलेशनची, म्हणजे माहिती आणि तिचा हिशेब एकाच जागी झाकून ठेवण्याची, व्याख्या विचारली तर धडाधडा म्हणून दाखवली, औषधाच्या कॅप्सूलसकट. पैकीच्या पैकी दिले. काय करता?

चिठ्ठी आली. पाचच मिनिटं. बरं, आता खरं व्याख्यान, पळत पळत.

रक्कम प्रायव्हेट, फक्त भिशी क्लासच्या आत. हिशेब एकाच जागी, म्हणजे इंटचा लाँगही एकाच जागी.

भिशीला स्क्रीन माहीतच नको. सी-इन, सी-आउट, म्हणजे वाचणं आणि छापणं, जे काय करायचं ते मेनू क्लासने. हप्ता दुसऱ्यांदा भरायला गेलात तर भिशी 'नाही' एवढंच कळवेल, ते मराठीत सांगायचं की इंग्रजीत हे मेनू बघेल. उद्या मोबाइलवर नेलंत तरी भिशीला हात लावायला नको.

आता पैसे कुणाला? कुठे चिठ्ठ्या टाकतात, कुठे बोली लावतात. इथे आपली मुलं लगेच इनहेरिटन्स, म्हणजे एका क्लासपासून दुसरे क्लास, काढतात, चिठ्ठीभिशी आणि बोलीभिशी. मग मासिक आणि साप्ताहिक आलं की चार क्लास! तसं नको. 'निवड' नावाचा अॅबस्ट्रॅक्ट क्लास करा, म्हणजे नुसता आराखडा, त्यात एकच प्युअर व्हर्च्युअल फंक्शन, ज्याचं फक्त नाव असतं, काम खालच्या क्लासने लिहायचं. त्याखाली चिठ्ठी आणि बोली. भिशीच्या हातात यातलं एक ऑब्जेक्ट द्या. तपासणीसाठी तिसरं करा, जे नेहमी यादीतला पहिलाच सभासद उचलतं. दर वेळी वेगळं नाव आलं तर प्रोग्रॅम बरोबर आहे हे ठरवणार कसं? आणि एकदा उचललेल्याला परत नाही, हा नियम निवडीत घालू नका. भिशीने शिल्लक सभासदच पुढे करायचे. नाहीतर प्रत्येक निवडीत तोच नियम पुन्हा लिहीत बसाल.

मेनमध्ये उरतं काय? निवड बनवा, ती देऊन भिशी बनवा, ती देऊन मेनू सुरू करा.

बोली जिंकणाऱ्याने सोडलेली रक्कम बाकीच्यांत वाटायची असते. ती वाटणी भिशीने करायची की निवडीने? माझं मत भिशीने. पण संयोजक उठून उभे राहिलेत, तेव्हा ज्यांना पटत नाही त्यांनी बाहेर जिन्यापाशी गाठा.