बाबा, मी काय म्हणू?

नमस्कार मंडळी. जेवणाआधी बोलायला उभं केलंय, तेव्हा फार ताणत नाही.

मागच्या महिन्यात पार्कात एका मुलीने आमच्या साडेचार वर्षांच्या चिरंजीवांना विचारलं, "तुझं फावडं घेऊ?" हा तिच्याशी बोलेचना. बाकावरच्या माझ्याकडे वळून म्हणाला, "बाबा, मी काय म्हणू?"

अमेरिकेत राहून अस्सल मराठीत! मला आधी अभिमानच वाटला. गाडीत बायको म्हणाली, "स्वतःचं फावडं द्यायचं की नाही, हेही त्याला तुला विचारावं लागतं." पुढचं चारचौघांत सांगण्यासारखं नाही.

इथेच, सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीपलीकडे बर्कलीत मानसशास्त्रज्ञ डायना बॉमरिंड यांनी १९६०च्या दशकात बालवाडीतली मुलं आणि त्यांचे आईबाप अभ्यासले. निव्वळ धाकातली मुलं बुजरी, नाराज दिसली. 'चालतंय की' म्हणणाऱ्या घरातल्यांना स्वतःला आवरणं जड जाई. नियम ठाम, पण कारण सांगणार आणि पोराचंही ऐकून घेणार, अशा घरातली मुलं सगळ्यांत धीट. पुढे १९९४मध्ये संशोधक रूथ चाओ यांनी दाखवलं की चिनी घरांतली कडक शिस्त या साच्यात नीट बसत नाही, तिच्यात मायाही असते. वाचून मला हायसं वाटलं. आपल्यालाही पळवाट आहे म्हणायची!

पण मी धाक कुठे दाखवतो? मी तर प्रेमाने कानात सांगतो. थँक्यू म्हण. काकूंना नमस्कार कर. आणि तुम्हीही हसू नका. गेल्या गणपतीत नाटुकलीला स्टेजवर नऊ मुलं होती आणि विंगेत अकरा पालक. पोराला नाव विचारलं तर आई सांगते, वर "लाजतो हो तो" हेही तीच सांगते.

चाळीत मी तीन वर्षं कच्चा लिंबू होतो. लगोरीत राज्य कुणावर, यावरून तासतासभर भांडणं व्हायची, पण गॅलरीतून एक मोठं माणूस खाली उतरत नसे. इथे प्लेडेट पंधरा दिवस आधी कॅलेंडरवर टाकायची आणि दोन आया शेजारी पहाऱ्याला.

परवा त्याच पार्कात मी ठरवून लांबच्या बाकावर बसलो. तीच मुलगी आली, काहीतरी म्हणाली. हा माझ्याकडे बघत राहिला. मी फोनमध्ये मान घातली. ती जरा थांबली आणि निघून गेली.

रात्री पांघरूण घालताना तो म्हणाला, "बाबा, तुला मी दिसत नव्हतो?"