काउंट वर आले, ताप नाही, तरी दर आठवड्याला सीएमव्ही पीसीआर कशाला?

घरात कुणाला तरी नागीण झालेली तुम्ही बघितली असेलच, आजीला नाहीतर आत्याला, कमरेवर एकाच बाजूला फोडांचा पट्टा आणि नुसती आग आग. ती नागीण बाहेरून येत नाही. लहानपणी कांजिण्या झालेल्या ना, तोच व्हायरस, गेलेलाच नसतो, मज्जातंतूंच्या गाठींमध्ये दडून बसतो आणि वयानं प्रतिकारशक्ती उतरली की उठतो. यालाच म्हणतात रिॲक्टिव्हेशन.

आता बोन मॅरो ट्रान्सप्लांटचा पेशंट घ्या. त्याची प्रतिकारशक्ती आम्हीच केमो देऊन जवळजवळ शून्यावर आणतो, कारण त्या जागी भावाच्या नाहीतर बहिणीच्या स्टेम सेल्स रुजवायच्या असतात. दोन-तीन आठवड्यांत काउंट वर येतात, घरच्यांच्या जिवात जीव येतो, आणि मी पीसीआर लॅबमध्ये, म्हणजे रक्तात व्हायरस किती आहे ते मोजणाऱ्या लॅबमध्ये, काम करतो तर तिथंच मला दर वेळी विचारतात, अहो आता सगळं छान आहे तर परत रक्त कशाला? तर काउंट म्हणजे फक्त पेशी किती आहेत ते, त्यातल्या टी सेल्सना, म्हणजे व्हायरसशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींना, व्हायरस ओळखून मारायला यायला कित्येक महिने लागतात, आणि सीएमव्ही नावाचा व्हायरस नेमका त्याच काळात उठतो. आपल्याकडे दहातल्या नऊ मोठ्या माणसांच्या अंगात तो आधीपासून असतोच.

इथं एक गोष्ट बऱ्याच जणांना उलटी वाटते. डोनरला सीएमव्ही कधीच झालेला नाही म्हणजे चांगलं, असं नाही! पेशंटला होऊन गेलाय आणि डोनरला नाही, ही जास्त धोक्याची जोडी, कारण डोनरच्या पेशींनी तो शत्रू कधी बघितलेलाच नाही.

1983 साली मुंबईत टाटा मेमोरियलला भारतातलं पहिलं बोन मॅरो ट्रान्सप्लांट झालं, आणि त्याच वर्षी तिकडे अमेरिकेत कॅरी मलिसना पीसीआरची नुसती कल्पना सुचली होती. म्हणजे तेव्हा व्हायरस कळायचा तो आजार दिसल्यावर, आणि सीएमव्हीचा न्यूमोनिया एकदा झाला की पेशंट हाताला लागणं फार अवघड, आजही. म्हणून आता निदान पहिले 100 दिवस दर आठवड्याला जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये रक्त घ्यायचं, व्हायरसचा आकडा वाढायला लागला की ताप यायची वाट न बघता औषध सुरू.

आकडा बघून घाबरू नका पण. 400 चे 700 झाले तर तो टेस्टमधला नेहमीचा फरकही असू शकतो, तीन पटीच्या वर गेला की खरी वाढ समजतात. औषध सुरू केल्यावर पहिल्या आठवड्यात आकडा आणखी चढू शकतो, औषध लागू पडत नाहीये असं लगेच धरू नका. आणि प्लीज लॅब बदलू नका! कुठे पूर्ण रक्तावर टेस्ट करतात कुठे प्लाझ्मावर, म्हणजे पेशी वेगळ्या केल्यावर उरलेल्या पाण्यासारख्या भागावर, दोन्ही आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, तुम्ही गावी गेलात आणि तिथल्या लॅबचा रिपोर्ट व्हॉट्सॲपवर पाठवलात तर डॉक्टरांनी तुलना कशाशी करायची?

औषधांचं बोलायचं तर गॅन्सिक्लोव्हिर व्हायरस दाबतं पण तेच काउंटही पाडतं, म्हणून ते चालू असताना सीबीसी, म्हणजे काउंटची टेस्ट, चुकवायची नाही. लेटरमोव्हिर 2017 मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, ते आधीपासूनच संरक्षण म्हणून देतात, मॅरोला त्रास देत नाही. पण ते फक्त सीएमव्हीवर चालतं, नागिणीवर नाही, त्यामुळे ॲसायक्लोव्हिरची गोळी मनानं बंद करू नका.

ईबीव्ही नावाचा आणखी एक व्हायरससुद्धा बघतात, त्यातून लिम्फ नोड म्हणजे अंगातल्या गाठी वाढून लिम्फोमासारखा (गाठींच्या कॅन्सरसारखा) आजार होऊ शकतो. लघवी लाल झाली, जळजळ होतेय, तर बीके व्हायरस असू शकतो, त्याच दिवशी फोन करा. जुलाब थांबत नसतील तरी सांगा, कारण आतड्यातला सीएमव्ही कधीकधी रक्तात दिसतच नाही.

आणि 100 दिवस झाले म्हणून संपलं असं नाही, जीव्हीएचडीसाठी, म्हणजे डोनरच्या पेशी पेशंटच्याच शरीरावर हल्ला करतात त्यासाठी, स्टिरॉइड चालू असेल तर टेस्ट पुढेही चालूच राहते, पुढची तारीख विचारल्याशिवाय ओपीडीतून निघू नका.